रक्तवाहिन्यांची दोरी संप्रेरकांच्या हाती

सोयाबीन कापताना हाताला विळा लागला, तर हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावी जो पहिला उपचार होतो, तोच मुंबईच्या उपनगरात भाजी चिरताना बोट कापले असताही होतो. चिमूटभर हळद घेऊन ती जखमेवर दाबली जाते. हिंगोली हा तर हळदीचाच जिल्हा. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळदीने जखम किती लवकर भरते, हा विषय पुढे येईलच. पण हळद लावा अथवा न लावा, चार-पाच दिवसांनी त्या जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसू लागते. तो लाल रंग नव्याने फुटलेल्या असंख्य केशवाहिन्यांचा असतो. कडेच्या जुन्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात, ते एकमेकांना जाऊन मिळतात, त्यातून रक्त वाहू लागते आणि नवी त्वचा तयार होण्यास लागणारा प्राणवायू व अन्नरस तेथे पोहोचतो. जखम भरली की यातील बहुतेक वाहिन्या आपोआप विरून जातात आणि व्रण पांढुरका पडतो.

या वाहिन्यांना ‘आता वाढा’ असे कोण सांगते, आणि ‘आता पुरे’ असे कोण सांगते? प्रश्न साधा वाटतो. परंतु कर्करोग, मधुमेहींचे अंधत्व, न भरणाऱ्या जखमा आणि स्त्रीचे मासिक चक्र या सर्वांच्या मुळाशी तोच आहे. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग ‘न्यूक्लिअर रिसेप्टर’ म्हणजेच पेशीच्या केंद्रकात बसून काम करणाऱ्या ग्राही प्रथिनांमध्ये दडलेला आहे. आणि या उत्तरातून निघालेल्या एका अत्यंत स्वस्त उपचाराची कसोटी परदेशात नव्हे, तर मुंबईत परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयात लागली, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

प्राणवायू रक्तातून बाहेर पडून ऊतींमध्ये झिरपतो तो जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटरपर्यंत. त्यापलीकडची पेशी गुदमरते. म्हणूनच शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या शेजारून एखादी केशवाहिनी जाते. गर्भावस्थेत आणि बालपणी हे जाळे भराभर विणले जाते; पण प्रौढपणी ते जवळपास स्थिर होते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी वर्षानुवर्षे विभाजित न होता तशाच राहतात. या शांततेला निसर्गाने ठेवलेले अपवाद मोजकेच आहेत: जखम, व्यायामाने वाढणारे स्नायू, गर्भारपण, आणि दर महिन्याला गर्भाशयात व अंडाशयात होणारी उलथापालथ.

कर्करोगाची गाठ या नियमाचा गैरफायदा घेते. बोस्टनचे शल्यविशारद जूडा फोकमन यांनी १९७१ साली असा विचार मांडला, की गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत, तर ती एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढूच शकत नाही. मग तिची रसदच तोडली तर? प्रारंभी या कल्पनेची उपेक्षाच झाली. पुढे १९८३ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक व डोनाल्ड सेंगर यांना रक्तवाहिन्या ‘पाझरत्या’ करणारे एक प्रथिन सापडले, आणि १९८९ मध्ये नेपोलियोने फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढविणारे प्रथिन वेगळे काढले, तेव्हा ती दोन्ही एकच असल्याचे लक्षात आले. हेच ‘व्हीईजीएफ’. रक्तवाहिन्यांसाठी हे जणू खत आहे. त्याला अडविणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. स्तनाच्या कर्करोगासाठी मात्र या महागड्या औषधाने निराशा केली; रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही आणि दुष्परिणाम गंभीर होते. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०११ मध्ये त्या रोगापुरती ही मान्यता काढून घेतली. २०११ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता खत टाकणारा हात कोणाचा, ते पाहू. व्हीईजीएफ तयार करण्याची कृती प्रत्येक पेशीच्या जनुकात लिहिलेली असते. प्रश्न असतो तो जनुक वाचला केव्हा जातो याचा. प्राणवायू कमी पडला की ‘एचआयएफ’ नावाचे प्रथिन हा जनुक चालू करते. या शोधाला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते बहुतेकांना ठाऊक आहे. पण शरीराला केवळ गुदमरल्यावरच रक्तवाहिन्या हव्या असतात असे नाही. कधी त्या आधीच तयार ठेवाव्या लागतात, कधी गुदमरलेल्या अवस्थेतही त्यांना रोखावे लागते. हे निर्णय साऱ्या शरीराच्या स्थितीवर अवलंबून असतात, आणि ती स्थिती प्रत्येक पेशीला कळविण्याचे काम संप्रेरके करतात.

इन्सुलिनसारखी संप्रेरके पाण्यात विरघळतात. पेशीच्या स्निग्ध आवरणातून त्यांना आत शिरता येत नाही, म्हणून ती दारावरची घंटा वाजवून निरोप देतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल, थायरॉइडचे संप्रेरक, ड जीवनसत्त्व आणि अ जीवनसत्त्वापासून बनणारी आम्ले यांची रीत निराळी. हे रेणू लहान आणि स्निग्धप्रिय असल्याने थेट आत पोहोचतात. तेथे त्यांची वाट पाहत असलेले ग्राही प्रथिन असते. या प्रथिनाच्या एका अंगाला एक खोबण असते आणि तिच्यात ठरावीक संप्रेरकच बसते. दुसऱ्या अंगाला जस्ताच्या अणूंनी घट्ट बांधलेली दोन बोटे असतात आणि ती डीएनएवरील ठरावीक अक्षरे चाचपून तेथेच पकड घेतात. संप्रेरक खोबणीत बसले की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो. या किंचित बदलाने त्याच्याभोवतीचे सोबती बदलतात: जनुक बंद ठेवणारी प्रथिने गळून पडतात आणि तो उघडणारी येऊन चिकटतात, क्वचित याच्या उलटही होते. म्हणजे येथे निरोप्याला थेट दप्तरखान्यात प्रवेश आहे, आणि कोणते पान उघडायचे हे तो स्वतः दाखवितो.

शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांनी पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले इस्ट्रोजेन उंदरांना टोचले आणि ते गर्भाशयात जाऊन टिकून राहते हे दाखविले. तेव्हा अशा ग्राहींची पहिली चाहूल लागली. १९८५-८६ मध्ये रोनाल्ड इव्हान्स आणि पिएर शाम्बाँ यांच्या प्रयोगशाळांतून या ग्राहींचे जनुक हाती आले, आणि ही सारी एकाच घराण्यातील भावंडे आहेत हे उघड झाले. माणसात या घराण्यात ४८ सदस्य आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या खोबणीत कोणते संप्रेरक बसते हे ठाऊक नसल्याने त्यांना ‘अनाथ’ ग्राही म्हणतात. या तिघा शास्त्रज्ञांना २००४ मध्ये लास्कर पारितोषिक देण्यात आले.

रक्तवाहिन्यांवर यांचा अंमल कसा चालतो, हे पाहायचे तर गर्भाशयाइतके चांगले उदाहरण नाही. मासिक पाळीनंतर गर्भाशयाचे अस्तर जेमतेम उरलेले असते. इस्ट्रोजेनची पातळी चढू लागते, त्याचा ग्राही अस्तराच्या पेशींमध्ये व्हीईजीएफच्या जनुकाला हात घालतो आणि अस्तराबरोबर रक्तवाहिन्याही वाढू लागतात. महिन्याच्या मध्यावर अंडे सुटल्यावर अंडाशयात मागे राहिलेल्या पोकळीचे रूपांतर ‘पीतपिंडा’त होते. काही दिवसांपुरत्या अवतरणाऱ्या या लहानशा ग्रंथीत रक्तवाहिन्या ज्या वेगाने वाढतात, त्याची बरोबरी फक्त कर्करोगाच्या गाठीशीच करता येईल. फरक इतकाच, की पीतपिंड सांगितल्यावर थांबतो. तो प्रोजेस्टेरॉन निर्माण करतो. त्यामुळे अस्तराची बेसुमार वाढ थांबते, तेथील नागमोडी रोहिण्या पक्व होतात. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन ओसरते, त्या रोहिण्या आवळतात आणि अस्तर गळून पडते. जे. ई. मार्की यांनी १९४० मध्ये माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तिच्याच डोळ्याच्या पुढील कप्प्यात रोवून हे आवळणे प्रत्यक्ष पाहिले होते. डोळ्याच्या काचेतून पाळी पाहण्याची ही कल्पना विचित्र वाटेल, पण त्या काळी जिवंत रक्तवाहिनी पाहण्याची दुसरी खिडकी तरी कोणती होती?

एका स्त्रीच्या आयुष्यात हे चक्र चारशेच्या आसपास वेळा फिरते. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीने हा ‘चालू-बंद’ इतका बिनचूक केला आहे, की कोणत्याही औषध कंपनीने हेवा करावा. १९९९ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखविले, की खुद्द रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींमध्येही प्रोजेस्टेरॉनचा ग्राही असतो, आणि प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर त्या पेशींचे विभाजन थांबते. ज्या उंदरांमधून हा ग्राहीच काढून टाकला होता, त्यांच्या पेशींवर या संप्रेरकाची मात्रा चालली नाही. म्हणजे थांबविण्याचा हुकूम ग्राहीमार्फतच जात होता.

कॉर्टिसॉलच्या ग्राहीचा परिणाम मात्र आपल्यापैकी अनेकांनी नकळत अनुभवलेला असतो. स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या जखमा भरत नाहीत, त्वचा कागदासारखी होते. दाह शमविण्याबरोबरच हा ग्राही व्हीईजीएफचा जनुक दाबतो, हे त्याचे एक कारण. सांधेदुखीवर अक्सीर म्हणून खपविल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड मिसळलेले असते, आणि ती घेणाऱ्या मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने का चिघळते, याचे उत्तर अंशतः येथे आहे. हाच दुर्गुण योग्य जागी गुण ठरतो. तान्ह्या बाळांच्या अंगावर रक्तवाहिन्यांच्या वाढीने लालभडक गाठी येतात. त्यांवर अनेक वर्षे स्टिरॉइड दिले जाई. ते नेमके कसे काम करते, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले: त्या गाठींच्या मूळपेशींमध्ये ते व्हीईजीएफची निर्मिती रोखते. (आता त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे जुने औषध वापरतात, तो २००८ चा योगायोगाने लागलेला शोध ही वेगळीच कथा आहे.) मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली असता डोळ्यात स्टिरॉइड टोचण्यामागेही हेच तत्त्व आहे.

हळदीचा विषयही येथेच उरकून घेऊ. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर हळदीतील कर्क्युमिनवर हजारो शोधनिबंध निघाले. १९९८ मध्ये ते नव्या रक्तवाहिन्या रोखते असे प्राण्यांवरील प्रयोगात दिसले. २०१० मध्ये ते ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीच्या खोबणीत बसते असेही प्रसिद्ध झाले. जखमेला तर रक्तवाहिन्या हव्या असतात! मग रक्तवाहिन्या रोखणारा पदार्थ जखम कशी भरेल? यातील विसंगती बहुधा मात्रेची आहे. खाल्लेले कर्क्युमिन रक्तात नगण्य प्रमाणात उतरते. प्रयोगशाळेच्या काचेत जे घडते ते शरीरात घडेलच असे नाही. हळदीने कर्करोग बरा होतो असे सांगणाऱ्यांनी हा एक मुद्दा तरी ध्यानात घ्यावा.

या घराण्यातील अनाथ सदस्यही रक्तवाहिन्यांच्या बाबतीत मागे नाहीत. बोस्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले, की स्नायूंना श्रम पडले की ‘पीजीसी-१ आल्फा’ हे साहाय्यक प्रथिन ‘ईआरआर आल्फा’ नावाच्या अनाथ ग्राहीला हाताशी धरून व्हीईजीएफचा जनुक चालू करते, आणि त्यासाठी एचआयएफची गरज लागत नाही. रोज चालणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांत केशवाहिन्या दाट होतात त्या अशा. ‘कूप-टीएफ-टू’ नावाचा दुसरा अनाथ तर रोहिणी आणि नीला यांतील भेदच ठरवितो. गर्भातील उंदरांच्या रक्तवाहिन्यांतून तो काढून टाकला की नीला रोहिणीसारख्या होऊ लागतात, असे ह्यूस्टनच्या त्साय दांपत्याच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये सिद्ध केले.

आता परळकडे वळू. लंडनच्या गाईज रुग्णालयात काम करीत असताना डॉ. राजेंद्र बडवे यांनी सहकाऱ्यांसह एक जुने दप्तर धुंडाळले. १९७५ ते १९८५ या काळात तेथे स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या, पाळी सुरू असलेल्या २४९ स्त्रियांची शस्त्रक्रिया पाळीच्या कितव्या दिवशी झाली, हे त्यांनी पाहिले. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. पाळी आल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे प्रोजेस्टेरॉनविना इस्ट्रोजेनचाच अंमल असताना, ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या. इतर दिवशी झालेल्यांपैकी ८४ टक्के. तोच रोग, तेच शल्यविशारद, फरक केवळ तारखेचा.

असे का व्हावे? गाठ काढताना तिच्यातील काही पेशी रक्तात सुटतात. त्या कोठेतरी रुजल्या, तर त्यांना पहिली गरज लागते ती नव्या रक्तवाहिन्यांची. शस्त्रक्रियेची जखम भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच त्या दिवसांत वाढीचे घटक रक्तात सोडत असते. त्याच वेळी इस्ट्रोजेनही व्हीईजीएफला उत्तेजन देत असेल, तर सुटलेल्या पेशींचे फावते. उलट प्रोजेस्टेरॉनचा अंमल असेल तर दार आवळलेले असते. ब्रिटनमधील एका गटाने १९९८ मध्ये पाळीच्या वेगवेगळ्या दिवशी स्त्रियांच्या रक्तातील व्हीईजीएफ मोजले, तेव्हा प्रोजेस्टेरॉन जास्त असलेल्या दिवसांत ते कमी आढळले. तर्क जुळत होता. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. जुन्या दप्तरांच्या अशा अभ्यासांत अनेक फसव्या गोष्टी शिरू शकतात, आणि जगभरच्या इतर रुग्णालयांची दप्तरे उलटसुलट साक्ष देत होती.

बडवे टाटा मेमोरियल रुग्णालयात परतले आणि त्यांनी वादाला सरळ प्रयोगाच्या मैदानात आणले. रुग्णाची पाळी पाहून तारीख ठरविण्याऐवजी प्रोजेस्टेरॉनच बाहेरून दिले तर? एक हजार स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी ५ ते १४ दिवस हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिले गेले. दुसऱ्या गटाची नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया झाली. हे इंजेक्शन गर्भपाताच्या भीतीपोटी गावोगावचे डॉक्टर गर्भवतींना देत आलेले आहेत. औषध जुने, पेटंटमुक्त आणि पंचतारांकित औषधांच्या तुलनेत कवडीमोल.

निष्कर्ष जाहीर झाले तेही २०११ मध्येच, अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त. ते प्रामाणिकपणे वाचायला हवेत. छाननीनंतर उरलेल्या ९७६ स्त्रियांचा एकत्र विचार करता, पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्या गटात ७३.९ टक्के आणि न घेतलेल्या गटात ७०.२ टक्के होते. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, इतका लहान आहे. म्हणजे प्रयोगाच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘सिद्ध झाले नाही’ असेच होते. परंतु ज्यांच्या काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला होता अशा ४७१ स्त्रियांमध्ये हेच आकडे ६५.३ आणि ५४.७ टक्के होते. हयात असलेल्यांचे प्रमाण ७५.७ विरुद्ध ६६.८ टक्के. ग्रंथींपर्यंत रोग न पोहोचलेल्यांना काहीच लाभ दिसला नाही. रक्तवाहिन्यांच्या तर्काशी हे जुळते, कारण ज्यांच्या शरीरात सुटलेल्या पेशी अधिक, त्यांनाच दार आवळण्याचा उपयोग अधिक व्हावा. तरीही उपगटातील यश हे दुसऱ्या प्रयोगाने पडताळावे लागते, हा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. आज हे इंजेक्शन जगातील प्रमाणभूत उपचारांच्या यादीत नाही.

यात प्रस्तुत लेखकाला खटकणारी बाब वेगळी आहे. बेव्हासिझुमॅबच्या मागे एका बलाढ्य कंपनीचा पैसा होता. एक प्रयोग फसला तर दुसरा उभा राहत होता. या इंजेक्शनमागे कोणी नाही, कारण त्यात कोणाला नफा नाही. काखेत गाठी आल्यावरच रुग्णालयाची पायरी चढण्याची वेळ ज्यांच्यावर येते, अशा स्त्रिया आपल्याकडे कमी नाहीत. टाटातील या प्रयोगातही ग्रंथींपर्यंत रोग गेलेल्यांचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. साखरा येथून निघून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत, आणि तेथे निभावले नाही तर पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या परळपर्यंत जाणाऱ्या बाईसाठी, तालुक्याच्या ठिकाणीही देता येईल अशा एका इंजेक्शनने शंभरात आठ-नऊ जीव अधिक वाचतात की नाही, हा प्रश्न अनुत्तरित ठेवणे परवडणारे नाही. तो पडताळण्याची जबाबदारी शासकीय संस्थांचीच आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाळीची तारीख पाहून शस्त्रक्रिया करण्याचा मूळ मुद्दा ब्रिटन व अमेरिकेत आधीच आखून केलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत टिकला नाही. २००८-०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत तारखेमुळे फरक पडल्याचे दिसले नाही. त्यामुळे पाळीसाठी म्हणून कोणीही शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. त्याहून मोठी अडचण २००२ सालची आहे. पाळी गेलेल्या अमेरिकन स्त्रियांना इस्ट्रोजेनबरोबर कृत्रिम प्रोजेस्टेरॉनची गोळी वर्षानुवर्षे दिली असता स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे त्या वर्षी आढळले आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या काही स्तन-कर्कपेशी प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर व्हीईजीएफ कमी नव्हे, तर जास्त तयार करतात, हेही नव्वदच्या दशकातच दिसले होते. मग हे संप्रेरक मित्र की शत्रू?

प्रश्न असा विचारणेच बहुधा चुकीचे आहे. संप्रेरक केवळ खोबणीत बसते. कोणते पान उघडेल हे त्या पेशीत आणखी कोणते ग्राही व कोणते सोबती हजर आहेत यावर ठरते, आणि हुकूम एकदाच येतो की रोज, यावरही. केंब्रिजमधील जेसन कॅरॉल यांच्या गटाने २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. स्तनाच्या कर्कपेशीत प्रोजेस्टेरॉनचा ग्राही जागा झाला, की तो इस्ट्रोजेनच्या ग्राहीला गाठतो आणि त्याला डीएनएवरील त्याच्या नेहमीच्या जागा सोडून दुसरीकडे घेऊन जातो. या नव्या जागी उघडणारे जनुक हे रोगाची गती मंद असलेल्या रुग्णांमध्ये आढळणारे आहेत. उंदरांमध्ये प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनविरोधी औषध एकत्र दिल्यावर गाठी अधिक आक्रसल्या. एक ग्राही दुसऱ्याला वाट दाखवितो, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती, तर फारशी कोणाला पटली नसती.

टाटा केंद्राच्या खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संशोधन संस्थेत या कोड्याची आणखी एक गाठ हाती लागली आहे. परळच्या प्रयोगात इंजेक्शनने नेमके काय साधले असावे, याचा शोध घेताना तेथील संशोधकांना २०१७ मध्ये आढळले, की प्रोजेस्टेरॉन कर्कपेशींची पसरण्याची क्षमता कमी करते. आणि ज्या पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉनचा ग्राहीच नाही, त्यांच्यातही करते. पुढच्या अभ्यासात या परिणामाचा माग ‘एसजीके-१’ या जनुकापर्यंत लागला. हा जनुक मुळात कॉर्टिसॉलच्या ग्राहीच्या हुकमतीखालचा म्हणून ओळखला जातो. प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांचे रेणू दिसायला सख्खे भाऊ आहेत, आणि एकाच्या खोबणीत दुसरा थोडाफार बसतो, हे जुने ज्ञान आहे. तान्ह्या बाळांच्या लाल गाठी विरघळविणारा आणि डोळ्याची सूज उतरविणारा जो ग्राही, त्याच्याच मार्फत हे इंजेक्शन काम करीत असेल काय? तसे असेल, तर ते कोणत्या रुग्णांना द्यावे याची निवडच बदलेल. प्रोजेस्टेरॉनचा ग्राही तपासण्याऐवजी कॉर्टिसॉलचा तपासावा लागेल, आणि ज्या आक्रमक गाठींत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या दोहोंचे ग्राही नसतात, तिथेही त्याचा विचार करता येईल.

हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या नावावर एक अपयश जमा आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे. मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठी अमेरिकेत दिले जाणारे हेच औषध, मोठ्या प्रयोगात निरुपयोगी ठरल्याने, एप्रिल २०२३ मध्ये तेथील औषध प्रशासनाने बाजारातून काढून घेतले. अशा वेळी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी स्वतःहून हे इंजेक्शन घेण्याचा आग्रह कोणी धरू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मात्र परळच्या प्रयोगाविषयी अवश्य विचारावे. काखेतील ग्रंथींची तपासणी कधी होणार, गाठीतील ग्राहींचा अहवाल काय आला, हे दोन प्रश्न तर प्रत्येक रुग्णाने आणि तिच्या घरच्यांनी विचारलेच पाहिजेत. आज मिळणाऱ्या उपचारांची दिशा या दोन उत्तरांवरच ठरते, आणि ग्राहींची तपासणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयातही करून मागता येते.